हवेत इंजिन बंद पडलं तर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया, नागपूर इथल्या प्रशिक्षण संस्थांमधून आणि परदेशात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांकडून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयावर आहेत: एक इंजिन असलेल्या छोट्या विमानात इंजिनाने दगा दिला तर काय करायचं. वेगळं सांगितलं नसेल तिथे उत्तरांतले आकडे सेसना 172 एस या विमानाचे आहेत. त्याला चार सिलिंडरचं, फ्युएल इंजेक्शन असलेलं, 180 अश्वशक्तीचं लायकॉमिंग इंजिन असतं. तुमचं विमान वेगळं असेल तर त्याच्या हँडबुकातला आकडाच खरा मानायचा. सेसना 152 चा ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याचा, वेग 60 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) आहे, 172 एसचा 68. एवढ्याशा फरकानेही शेत हुकू शकतं.

प्रश्न: सोलो क्रॉस-कंट्री (एकट्याने दूरच्या ठिकाणी करायचं उड्डाण) जवळ आली आहे. तीन हजार फुटांवर इंजिन बंद पडलं तर हात आधी कुठे जायला हवा? चेकलिस्टकडे, रेडिओकडे की किल्लीकडे? (प्रशिक्षणार्थी, धुळे)

यांपैकी कुठेच नाही. आधी कंट्रोल योक (विमानाचं नाक वर-खाली करायचं हँडल), मग ट्रिम व्हील (योकवर जोर न देता वेग टिकवणारं चाक). वेग 68 नॉटवर आणायचा आणि ट्रिम लावून तिथेच बसवायचा. क्रूझमध्ये तुम्ही 105-110 नॉटवर असाल, तेव्हा लगेच नाक खाली घालू नका. उंची धरून वेग 68 पर्यंत उतरू द्या, त्यात थोडी उंची पदरात पडते. मग नाक खाली.

दुसरं काम जमीन निवडण्याचं. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली उतरवता येणाऱ्या फळ्या) वर असताना हे विमान दर 1,000 फूट उंचीमागे वारा नसताना साधारण 2.7 किलोमीटर तरंगत जातं आणि मिनिटाला सुमारे 750 फूट खाली येतं. पण अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, तुमच्या पायाखालच्या जमिनीपासूनची नाही. पुण्याच्या लोहगावची धावपट्टी 1,942 फुटांवर आहे, नागपूरच्या सोनेगावची 1,033 फुटांवर. अल्टिमीटरवर 3,000 दिसत असेल तर पुण्याजवळ तुमच्या हातात जेमतेम 1,050 फूट, म्हणजे दीड मिनिटापेक्षाही कमी वेळ असतो. नागपूरजवळ अडीच मिनिटांच्या थोडा वर. क्रॉस-कंट्रीचा नकाशा तयार करताना प्रत्येक टप्प्यावर जमिनीची उंची पेन्सिलने लिहून ठेवा. ऐन वेळी वजाबाकी जमत नाही.

शेताच्या दिशेने वळलात की इंजिन परत सुरू करण्याचा प्रयत्न करायचा. हात खालून वर फिरवत नेला की काही सुटत नाही. फ्युएल शटऑफ पूर्ण आत दाबलेला, फ्युएल सिलेक्टर 'बोथ'वर (दोन्ही टाक्या), फ्युएल पंप चालू, मिक्श्चर पूर्ण रिच (मिश्रणात पेट्रोल जास्तीत जास्त), किल्ली 'बोथ'वर (दोन्ही मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी देणारी यंत्रं). पंखा (प्रोपेलर) वाऱ्याने फिरत असेल तर स्टार्टरची गरज नाही, इंधन आणि ठिणगी मिळाली की इंजिन स्वतःच पकडतं. पंखा थांबलेला असेल तरच किल्ली 'स्टार्ट'वर न्या. इंजिन सुरू झालं तर पंप बंद करून फ्युएल फ्लो पाहा. काटा शून्यावर गेला तर इंजिनावरचा पंप गेला आहे, विजेवरचा पंप पुन्हा चालू करा आणि उतरेपर्यंत चालूच ठेवा.

कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) असलेल्या विमानात या सगळ्याच्या आधी कार्ब हीट (त्यात गरम हवा सोडणारी कळ) ओढायची. ती उष्णता एक्झॉस्टच्या नळीवरून येते आणि इंजिन थांबल्यावर नळी झपाट्याने थंड होते. दोन मिनिटांनी कार्ब हीट ओढून काही उपयोग नाही.

मग रेडिओ. ज्या फ्रीक्वेन्सीवर आहात तिथेच तीन वेळा 'मेडे', कॉल साइन, इंजिन बंद, कुठे आहात, उंची किती, विमानात किती माणसं. तिथे कुणीच ऐकत नसेल तर 121.5, ही संकटाची फ्रीक्वेन्सी. ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) 7700, हा संकटाचा कोड. सगळं मिळून पंधरा सेकंदांत. तेवढा वेळ नसेल तर रेडिओ सोडून द्या, पण वेग सोडू नका.

जमिनीपासून 1,000 फुटांवर आलात की इंजिनाचा नाद सोडायचा. आता ते बंदच आहे असं धरून मिक्श्चर कट-ऑफ, फ्युएल शटऑफ बाहेर ओढलेला, किल्ली बंद. मास्टर स्विच (विमानातली सगळी वीज) मात्र एवढ्यात बंद करू नका, कारण या विमानाचे फ्लॅप विजेवर चालतात. शेवटचा फ्लॅप उतरला, शेत नक्की मिळतंय अशी खात्री झाली, की मग मास्टर बंद. टेकण्याआधी दारांची कडी उघडून ठेवा. धक्क्याने चौकट वाकली तर दार आतून उघडत नाही.

प्रश्न: टेक-ऑफनंतर 400 फुटांवर इंजिन गेलं तर मागे धावपट्टी असताना समोरच्या शेतात का उतरायचं? इन्स्ट्रक्टर 'मागे वळायचं नाही' एवढंच सांगतात, कारण सांगत नाहीत. (प्रशिक्षणार्थी, शिरपूर)

कारण आकड्यांत आहे, आणि एकदा ते स्वतः मांडून पाहिलं की हा नियम कधीच विसरला जात नाही.

मागे वळणं म्हणजे 180 अंश नव्हे. अर्धं वळण पूर्ण झालं की तुम्ही धावपट्टीला समांतर, पण तिच्या बाजूला असता. तिच्यावर यायला आणखी 30 ते 45 अंश वळून पुन्हा उलट सरळ व्हावं लागतं. 70 नॉटवर 30 अंशांच्या बँकमध्ये (पंख एका बाजूला तेवढे झुकवून) विमान सेकंदाला सुमारे 9 अंश वळतं. 225 अंशांना 25 सेकंद लागतात. वळणात विमान सरळ ग्लाइडपेक्षा जास्त वेगाने खाली येतं, मिनिटाला अंदाजे 950 फूट. म्हणजे नुसत्या वळणातच 400 फूट संपले. त्यात 'हे खरंच झालंय' हे कळायला गेलेली तीन-चार सेकंदं धरलेली नाहीत, शेवटचं सरळ होणंही नाही.

मग बँक वाढवू या, असं मनात येईल. 45 अंशांना तेच वळण 15 सेकंदांच्या आत होतं, पण स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो) 19 टक्क्यांनी वाढतो. फ्लॅप वर असताना सरळ उड्डाणात 48 नॉटवर स्टॉल होणारं विमान आता 57 च्या आसपास स्टॉल होईल. जमीन वर येताना दिसते तसा हात आपोआप योक मागे ओढतो, पाय नाक लवकर फिरावं म्हणून रडर (नाक डावी-उजवीकडे फिरवणारं शेपटीचं सुकाणू) दाबतो. स्टॉल आणि त्यात असा रडर म्हणजे स्पिन (गिरक्या घेत कोसळणं), आणि 300 फुटांवरून स्पिनमधून कुणी बाहेर येत नाही. भरीला, टेक-ऑफ वाऱ्याच्या समोर झालेलं असतं. 10 नॉटचा वारा असेल तर परत येताना तो पाठीमागून लागतो. 70 नॉटवर उडणारं विमान जमिनीवरून 80 नॉटने धावत येतं आणि धावपट्टीही अर्धीच उरलेली असते.

म्हणून नाक ताबडतोब खाली. 74 नॉटच्या चढणीत नाक वर असतं, ते तसंच राहिलं तर वेग काही सेकंदांत ओसरतो. फ्लॅप वर असतील तर 70 नॉट, खाली असतील तर 65. समोरच्या डावी-उजवीकडे 30-30 अंशांतली त्यातल्या त्यात बरी जागा घ्यायची. जागा वाईट असली तरी टेकण्याचा वेग तुमच्या हातात आहे. 65 नॉटऐवजी 45 नॉटवर टेकलात तर आदळण्याची ऊर्जा निम्म्याहून कमी होते, कारण ती वेगाच्या वर्गाने बदलते. पंख कुंपणाला लागून तुटले तरी चालतील, बसायची जागा शाबूत राहायला हवी.

प्रत्येक टेक-ऑफच्या आधी, ब्रेक सोडण्यापूर्वी, मोठ्याने म्हणा: धावपट्टी शिल्लक असताना इंजिन गेलं तर थ्रॉटल बंद आणि सरळ थांबायचं, संस्थेने ठरवलेल्या उंचीखाली गेलं तर समोर, तिच्या वर गेलं तरच वळायचा विचार. आणि तुमच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे काय आहे ते उपग्रहाच्या नकाशावर पाहून ठेवा, शक्य असेल तर मोटरसायकलवर जाऊन बघून या. विजेच्या तारा नकाशावर दिसत नाहीत.

प्रश्न: इंजिन पूर्ण बंद न पडता नुसतं थरथरायला लागलं, ताकद निम्मी झाली, तर? (प्रशिक्षणार्थी, गोंदिया)

आमच्या मते हीच परिस्थिती जास्त अवघड. इंजिन पूर्ण गेलं की निर्णय आपोआप होतो. अर्धं चालत असताना माणूस आशेवर उडत राहतो, उंची टिकवायला नाक थोडं थोडं वर नेतो, वेग थोडा थोडा खातो, आणि मग ते उरलेलं अर्धंही जातं. म्हणून आधी ठरवा की हे इंजिन कोणत्याही क्षणी थांबणार आहे. वेग 68 च्या खाली जाऊ द्यायचा नाही. सतत कुठल्या तरी उतरण्याजोग्या जागेच्या आवाक्यात राहायचं. धावपट्टी सर्वांत जवळची घ्यायची, घरची नव्हे.

आता कारणं. अचानक सुरू झालेली थरथर बहुतेक वेळा मॅग्नेटोची असते. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे आठ स्पार्क प्लग असतात आणि चार-चार प्लगना स्वतंत्र मॅग्नेटो ठिणगी देतो. किल्ली 'बोथ'वरून 'लेफ्ट', परत 'बोथ', मग 'राइट' अशी फिरवून पाहा. एका बाजूवर इंजिन सुरळीत चाललं तर तिथेच ठेवा आणि उतरा. ताकद थोडी कमी मिळेल, तरी उडता येतं. एखाद्या बाजूवर इंजिन एकदम गप्प झालं तर घाबरून किल्ली फटकन परत फिरवू नका. आधी थ्रॉटल मागे, मग 'बोथ', मग थ्रॉटल हळूहळू पुढे. नाहीतर साठलेलं न जळलेलं मिश्रण एक्झॉस्टमध्ये पेटून मोठा बार होतो आणि मफलर फुटू शकतो.

थरथर हळूहळू वाढत गेली असेल तर प्लगवर शिशाचा किंवा कार्बनचा थर असण्याची शक्यता जास्त. 100 एलएल या विमानाच्या पेट्रोलात शिसं असतं. जमिनीवर पूर्ण रिच मिक्श्चरवर वीस मिनिटं आयडलिंग केलं की ते प्लगवर बसतं. टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) करायचं ते यासाठी. रन-अपमध्ये (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत) 1,800 आरपीएमवर एका मॅग्नेटोवर घट 150 पेक्षा जास्त किंवा दोन्हींतला फरक 50 पेक्षा जास्त आला तर उडायचं नाही. मिनिटभर जास्त आरपीएमवर, लीन मिक्श्चरवर चालवून थर जळतो का पाहता येतं, पण एकदाच. दुसऱ्यांदा करावं लागलं तर विमान हँगरमध्ये न्या.

आणि घट अजिबातच आली नाही, तर 'छान इंजिन आहे' असं समजू नका. त्या मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटलेली असू शकते. मग किल्ली बंद असतानाही हाताने पंखा फिरवला तर इंजिन सुरू होऊ शकतं. पंख्याला हात लावणाऱ्या मेकॅनिकच्या जिवाचा हा प्रश्न आहे, न लिहिता सोडू नका.

प्रश्न: मी ऑकलंडला शिकते. बाहेर 18 अंश, कुठे बर्फाचा मागमूस नाही, तरी इन्स्ट्रक्टर सारखं कार्ब हीट म्हणतात. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यातही हा धोका असतो का? (प्रशिक्षणार्थी, ऑकलंड)

असतो. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब उतरतो आणि पेट्रोलची वाफ होताना उष्णता खेचली जाते. दोन्ही मिळून तापमान 20 अंशांहून जास्त उतरू शकतं. बाहेर 18 असताना आत शून्याखाली, आणि हवा दमट असेल तर थ्रॉटलच्या झडपेवर बर्फ. सर्वांत जास्त धोका कमी ताकदीवर, म्हणजे उतरताना, कारण झडप जवळजवळ मिटलेली असते आणि फट अरुंद. जुलैतली कोकण किनाऱ्याची 25 अंशांची ढगाळ, ओलसर हवा या धोक्याच्या पट्ट्यात नीट बसते.

पंखा स्थिर कोनाचा (पात्यांचा कोन न बदलणारा) असेल तर पहिली खूण म्हणजे थ्रॉटल न हलवता आरपीएम घसरणं. कार्ब हीट पूर्ण ओढा, अर्धवट नको. आधी आरपीएम आणखी घसरेल, इंजिन खडखडेल, कारण वितळलेलं पाणी आत जातंय. याच क्षणी नवशिके घाबरून कार्ब हीट परत आत ढकलतात, आणि इथेच इंजिन जातं. धरून ठेवा. मिनिटभरात आरपीएम वर चढेल. इंजेक्शनच्या इंजिनात कार्ब्युरेटर नाही, म्हणून हा बर्फही नाही. मात्र हवेचा फिल्टर ओल्या बर्फाने तुंबू शकतो.

प्रश्न: ऑइल प्रेशरचा काटा खाली गेला, पण इंजिन व्यवस्थित चालतंय. मीटर बिघडलं समजायचं का? (प्रशिक्षणार्थी, नागपूर)

शेजारचा ऑइल तापमानाचा काटा पाहा. प्रेशर कमी आणि तापमान जैसे थे, तर मीटर किंवा रिलीफ व्हॉल्व्ह बिघडलेला असू शकतो. तरीही जवळच्या धावपट्टीवर उतरून तपासायचं. प्रेशर पडतंय आणि तापमान चढतंय, तर इंजिनातलं तेल चाललं आहे. ताकद लगेच कमी करा, शेत शोधायला लागा, आणि उरलेली ताकद त्या शेतापर्यंत पोचण्यापुरतीच वापरा. हिरवा पट्टा 50 ते 90 पीएसआय, लाल रेघ 20 वर. उड्डाणाआधी डिपस्टिकवर 5 क्वार्टपेक्षा (सुमारे पावणेपाच लिटर) कमी तेल असेल तर इंजिन सुरू करायचं नाही. कमाल 8.

प्रश्न: मे महिन्यात विदर्भात चढताना तेल तापतं. हा बिघाड आहे का? (प्रशिक्षणार्थी, नागपूर)

बहुधा नाही. 45 अंशांना सोनेगावची डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून धरलेली उंची) 4,900 फुटांच्या आसपास जाते आणि इंजिनाची सुमारे 15 टक्के ताकद जमिनीवरच कमी झालेली असते. चढणीचा वेग 80-85 नॉटपर्यंत वाढवा म्हणजे सिलिंडरांवरून हवा जास्त जाईल. मिक्श्चर रिच ठेवा, मधे काही मिनिटं समतल उडा. तरीही काटा 245 फॅरनहाइटच्या लाल रेघेकडे सरकत राहिला तर परत फिरा.

प्रश्न: शेत कसं निवडायचं? पुस्तकात इंग्लंड-अमेरिकेतल्या कुरणांची चित्रं असतात, आपल्याकडे तशी कुरणं नाहीत. (प्रशिक्षणार्थी, बारामती)

फार महत्त्वाचा प्रश्न. आपली जमीन आपल्याच पिकांवरून ओळखायला हवी.

रब्बीची कापणी झालेली गव्हाची, हरभऱ्याची रानं, रोटर मारून सपाट केलेली जमीन, पडीक माळ हे पहिल्या पसंतीचे. वरून फिकट पिवळं किंवा एकसारखं करडं दिसतं. कांदा, भुईमूग, कोवळी ज्वारी चालते. उभा ऊस दाट, दोन-अडीच मीटर उंच. चाकं त्यात अडकली की विमान नाकावर उलटतं. दुसरं काहीच नसेल तर उसाचा शेंडा हीच जमीन समजून अगदी कमी वेगाने, शेपूट खाली ठेवून त्यावर बसवायचं.

द्राक्षबागेकडे बघूसुद्धा नका. नाशिक, सांगली, इंदापूर भागात वरून ती मऊ हिरवी चादर वाटते, पण खाली लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांचं जाळं असतं. शेडनेटचंही तेच. पावसाळ्यात काळी माती वरून सपाट दिसते, पण पुढचं चाक त्यात रुततं. त्या दिवसांत मुरमाड माळ बरा. कोकणात भाताची खाचरं लहान आणि बांधांनी तोडलेली. कातळाचा सडा मोकळा असेल तर तोच घ्या.

सरी आडवी घेऊ नका. सऱ्यांच्या दिशेने उतरा, त्यासाठी वारा थोडा बाजूने लागला तरी चालेल. बांध वरून बारीक रेघ दिसते, पण ती दोन-तीन फूट उंच असते. कठडा नसलेल्या विहिरी आणि शेततळी 1,500 फुटांवरून दिसतात, 200 फुटांवरून गवतात लपतात, म्हणून पहिली पाहणी वरूनच करा. विजेच्या तारा दिसतच नाहीत, खांब दिसतात. जिथे विहीर तिथे मोटर, जिथे मोटर तिथे खांब, आणि दोन खांबांमध्ये तार आहेच, असं धरून चाला. रस्ता सरळ असला तरी बहुतेक वेळा त्याच्या कडेने तारा असतात आणि वर वाहनं, तेव्हा रस्ता हा शेवटचा पर्याय.

वाऱ्याची दिशा पाचट जाळल्याच्या धुरावरून, साखर कारखान्याच्या धुरांड्यावरून कळते. तळ्याच्या ज्या काठाशी पाणी संथ आणि गुळगुळीत, वारा त्या बाजूने येतो.

एकदा निवडलेलं शेत 1,000 फुटांखाली बदलू नका. पहिलं मध्यम शेत नीट गाठणारा वाचतो, दुसऱ्या चांगल्या शेतासाठी वळणारा मधल्या तारांत सापडतो. टेकण्याची जागा शेताच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात धरा आणि उंची थोडी जास्तच राखा. जास्त उंची फ्लॅपने आणि साइडस्लिपने (विमान तिरकं धरून घसरत उतरण्याने) घालवता येते, कमी पडलेली परत मिळत नाही.

प्रश्न: इंजिनातून धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर? (प्रशिक्षणार्थी, जळगाव)

इथे इंजिन परत सुरू करायचं नाही, कितीही उंची असली तरी. मिक्श्चर कट-ऑफ, फ्युएल शटऑफ बाहेर, पंप बंद, मास्टर बंद. केबिन हीट आणि केबिन एअर बंद, नाहीतर धूर आत येतो. डोक्यावरचे व्हेंट उघडे ठेवा. वेग 100 नॉट. आग विझली नाही तर आणखी वाढवा, कारण एका वेगानंतर मिश्रण जळण्याजोगं राहत नाही. मग थेट शेत.

जमिनीवर सुरू करताना आग लागली तर उलट: स्टार्टर फिरवत राहा, ज्वाळा इंजिनात खेचल्या जातात. इंजिन पकडलं तर काही मिनिटं 1,800 आरपीएमवर चालवून मग बंद करा आणि तपासणी करून घ्या.

प्रश्न: मी नवीन इन्स्ट्रक्टर आहे. इंजिन बंद पडण्याचा सराव किती खरा वाटेल असा द्यावा? (वाचक, अमरावती)

थ्रॉटल आयडलवर, एवढाच. मिक्श्चर ओढून किंवा फ्युएल बंद करून सराव देऊ नका, खोट्या बिघाडाचा खरा बिघाड होतो. कार्ब्युरेटर असेल तर थ्रॉटल मागे घेण्याआधी कार्ब हीट. दर 500 ते 1,000 फुटांनी थ्रॉटल हळू पुढे नेऊन इंजिन जिवंत आहे याची खात्री करा. जमिनीपासून 500 फुटांवर, किंवा संस्थेची मर्यादा त्याहून वर असेल तर तिथे, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. फ्लॅप 30 अंश असतील तर ताकद दिल्याबरोबर 20 वर.

एक गोष्ट विद्यार्थ्याला आवर्जून सांगा. आयडलवरचं इंजिन थोडी ओढ देतच असतं. खरं बंद पडलेलं इंजिन आणि वाऱ्याने फिरणारा पंखा विमानाला मागे खेचतात. सरावात शेताच्या कडेशी जेमतेम पोचणारा विद्यार्थी खऱ्या वेळी कुंपणाअलीकडे पडेल.

प्रश्न: पावसाळ्यात इंधनाचे नमुने किती वेळा काढायचे? तेरा ठिकाणी ड्रेन आहेत, घाईत सगळे होत नाहीत. (प्रशिक्षणार्थी, धुळे)

तेराही. प्रत्येक पंखाखाली पाच, पोटाखाली तीन. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर. अर्ध्या टाकीत रात्री ओल धरते आणि टाकीच्या झाकणाचं रबर जुनं झालं की पाऊस सरळ आत जातो. पाणी जड, तळाशी बसतं आणि टेक-ऑफनंतर नाक वर झालं की सरकून नळीत शिरतं, म्हणजे ऐन 300 फुटांवर.

कपात दोन थर दिसले तर पाणी आहे हे कळतं. पण कप पूर्ण पाण्याने भरला तर थरच दिसत नाही आणि ते स्वच्छ इंधन वाटतं. म्हणून कप पांढऱ्या पंखासमोर धरा. 100 एलएल निळसर दिसलंच पाहिजे. रंग नाही तर पाणी किंवा जेट ए-1. कागदावर थेंब टाका: पेट्रोल उडून जातं, जेट इंधन तेलकट डाग ठेवतं. आणि टाकीत इंधन किती हे मीटरवरून ठरवू नका, डिपस्टिक घाला.

प्रश्न: मुलगी प्रशिक्षण घेते आहे. विमानाला इंजिन एकच. आई म्हणून संस्थेला नेमकं काय विचारू? (वाचक, कोल्हापूर)

ताई, चार गोष्टी विचारा. वैमानिकांनी लिहिलेल्या बिघाडांची वही असते. तिच्यात बारीक तक्रारी लिहिल्या जातात का, आणि त्यांच्यासमोर दुरुस्तीची नोंद आहे का. पूर्ण कोरी वही चांगली खूण नाही. सोलोआधी मुलीकडून इंजिन बंद पडण्याचा सराव वेगवेगळ्या उंचीवरून करून घेतला का. विमानात खांद्यावरून येणारे पट्टे आहेत का आणि ते लावल्याशिवाय उड्डाण होत नाही ना. आणि मुलीने 'आज इंजिन बरोबर वाटत नाही' म्हणून उड्डाण रद्द केलं तर तिला कुणी बोलतं का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुलीकडूनच घ्या.

प्रश्न: आमच्या भागात शिकाऊ विमानं रोज फिरतात. एखादं आमच्या रानात उतरलं तर आम्ही काय करायचं, काय नाही? (शेतकरी, इंदापूर तालुका)

हा प्रश्न विचारलात याबद्दल मनापासून आभार. पहिले पोचणारे तुम्हीच असता.

विमानाकडे मागून किंवा पंखाच्या टोकाकडून या, पुढून नको. थांबलेल्या पंख्यालाही हात लावायचा नाही, तो फिरवायचा नाही. इंजिन उचल खाऊ शकतं. दोन्ही पंखांत मिळून 200 लिटरपर्यंत पेट्रोल असू शकतं. बिडी-काडी नाही, जवळ ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल सुरू ठेवायची नाही. रानात पाचट असेल तर विमानाभोवतीचं पाचट ओढून बाजूला करा. दरम्यान एकाने 112 ला फोन करून गाव, गट नंबर आणि रस्त्यापासूनची वाट सांगावी, आणि एकाने रस्त्यावर उभं राहावं.

आग नसेल आणि वैमानिक शुद्धीवर असेल तर त्याला ओढून बाहेर काढू नका, मानेला-पाठीला मार असू शकतो. दार उघडा, बोला, सावलीसाठी कापड धरा. आग किंवा पेट्रोलचा जोरदार वास असेल तर मात्र थांबायचं नाही: पट्ट्याचं बक्कल उघडा आणि बाहेर काढून वारा जिकडून येतोय त्या बाजूला शंभर पावलं न्या. हात पोचत असेल तर डाव्या हाताच्या फळीवरची किल्ली बंद करा आणि तिथलंच लाल जोडबटण खाली दाबा.

माणसं बाहेर आल्यावर विमानाला हात लावू नका. तुकडे गोळा करायचे नाहीत, विमान ढकलून बाजूला करायचं नाही. चौकशी अधिकाऱ्यांना सगळं जसंच्या तसं लागतं आणि कायद्यानेही ते हलवता येत नाही. चाकांच्या खुणांवरून गर्दी जाऊ देऊ नका. विमानात आपोआप सुरू होणारं संकटाचा संदेश देणारं यंत्र असतं, तेही बंद करू नका. पिकाचं नुकसान झालं असेल तर विमान हलवण्याआधी तारीख-वेळेसह फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, आणि विमान न्यायला येणारी ट्रक-क्रेन कोणत्या बाजूने रानात घालायची हे तुम्हीच दाखवा, म्हणजे उरलेलं पीक आणि ठिबकच्या नळ्या वाचतील.